‘आत्ता नाही’ म्हणणारी बाग

शहरातल्या भाजीवाल्याकडे मे महिन्यात फ्लॉवर मागा, भर श्रावणात गाजर मागा, तो सहसा ‘नाही’ म्हणत नाही. फार तर भाव ऐकून आपणच पुढे सरकतो. शीतगृहं, पॉलिहाऊस, ठिबक सिंचन, रातोरात धावणारे टेम्पो आणि फ्रोझन मटारची पाकिटं यांनी मिळून वर्षाचे बारा महिने जवळजवळ सारखे करून टाकले आहेत. यात तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही. एके काळी उन्हाळ्यात ताजी भाजी दुर्मीळ असे. सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा आणि कडधान्यं यांवर दिवस काढावे लागत. ते दिवस परत यावेत असं त्या काळात स्वयंपाक केलेल्या कुठल्याही बाईला वाटणार नाही.

पण या सोयीपायी एक गोष्ट हातची गेली आणि ती गेल्याचं आपल्या ध्यानातही आलं नाही. हंगाम माणसाला कळायचा तो बऱ्याच अंशी एखादी वस्तू नसण्यातून. आंबा वर्षातले नऊ-दहा महिने नसतो, म्हणून त्याचा हंगाम अजून तरी हंगाम वाटतो. टोमॅटोचा हंगाम कोणता, हे किती जणांना सांगता येईल? अशा वेळी घराभोवतीची बाग, मग ती चार वाफ्यांची परसबाग असो की गच्चीतल्या कुंड्यांची, आपल्याला तोंडावर ‘आत्ता नाही’ असं सांगते. पैसे देऊन, विनवून, रागावून तिचं उत्तर बदलत नाही. बाग पीक किती देते यापेक्षा तिचा हा नकार मला जास्त मोलाचा वाटतो.

पावट्याचंच घ्या. मृगाचा पाऊस झाला, जमिनीत वाफसा आला की कुंपणाच्या कडेनं बी टोचायचं. आठवड्याभरात जाड, वाकलेले कोंब माती फोडून वर येतात. आषाढ-श्रावणात वेल कुंपण व्यापतो, शेजारच्या जास्वंदीवर चढतो, पानं तळहाताएवढी होतात. कळीचं मात्र नाव नाही. नवखा माणूस घाबरून आणखी शेणखत घालतो, त्यानं पाला तेवढा वाढतो. गणपती येतात, जातात. शेजारी सल्ला देतात की वेल वांझ आहे, उपटून टाका. नवरात्र सरतं, पहाटेचा गारवा जाणवायला लागतो, आणि मग पानांच्या बेचक्यांतून उभे तुरे निघतात, कुठे पांढरे, कुठे जांभळे. शेंगा खऱ्या अर्थानं भरतात त्या थंडीत. अलिबाग-पेणच्या बाजूला भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी करतात तीही थंडीतच.

वेल इतके महिने थांबतो तो कशासाठी? रात्र मोठी होण्यासाठी. पावट्याच्या जुन्या जाती दिवसमान ओळखतात. पुण्याला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला लहानात लहान अकरा तासांच्या. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. ट्यूबलाइटखाली जगणाऱ्या आपल्याला तो जाणवतही नाही. पावट्याला मात्र तो नेमका कळतो. वनस्पतींचं हे गणित गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी 1920 साली मांडलं. त्यांच्यासमोर तंबाखूची एक अशी जात होती, जी उन्हाळ्यात नुसती उंच उंच वाढायची आणि फुलायची मात्र हिवाळ्यात, काचघरात नेल्यावर. खत, पाणी, तापमान सगळं तपासून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रोप दिवसाची लांबी मोजतं आहे. पुढच्या संशोधनातून कळलं की खरी मोजणी होते ती अंधाराची. रात्र पुरेशी लांब, आणि मध्ये न तुटलेली असावी लागते.

शेवंतीही याच जातकुळीतली. आमच्या अंगणात एक कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात येते आणि दुसरी भिंतीआड, काळोखात. दोन्ही एकाच झाडाच्या मुनव्यांपासून केलेल्या. भिंतीआडची शेवंती कळ्यांनी भरून जाते तेव्हा दिव्याखालची अजून नुसती पानं काढत बसलेली असते. तिच्या लेखी अजून रात्रच झालेली नसते. फुलांचा व्यापार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पॉलिहाऊसमध्ये शेवंतीवर रात्री दिवे लावून तिला फुलण्यापासून थोपवतात, आणि बाजाराची तारीख जवळ आली की काळं कापड ओढून भरदिवसा तिच्यासाठी रात्र करतात. म्हणजे बाजाराला हवं तेव्हा फूल देण्यासाठीही आधी झाडाला हवा तो अंधार द्यावाच लागतो. तेवढ्यापुरतं झाडाचं ‘नाही’ बाजारानंही मानलेलंच आहे.

अंधाराचं जे, तेच पाण्याचं. मोगऱ्याला वर्षभर लाडानं पाणी घालणाऱ्याच्या घरी झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं बेताची येतात. जाणता माळी थंडीत त्याचं पाणी तोडतो, पानं झडू देतो, छाटणी करतो आणि मग पाणी सोडतो. चैत्र-वैशाखात त्याच झाडाखाली सकाळी ओंजळभर कळ्या मिळतात. डाळिंब आणि संत्र्याचे बागायतदार याला ‘ताण देणं’ म्हणतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार यांतला कुठला धरायचा हे ठरवून त्याआधी झाडाचं पाणी बंद करतात. ताण बसल्याशिवाय बहार येत नाही, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. ताण फार झाला तर झाड जातं, हेही तेच सांगतात. म्हणून यातून माणसांसाठी कष्टाचा महिमा काढायला मी धजणार नाही. उपाशी ठेवल्यानं माणसं बहरत नाहीत. एवढंच म्हणतो की सतत सगळं मिळणं ही फुलण्याची अट नाही.

आपल्या जुन्या दिनदर्शिकेला हे नसणं चांगलं माहीत होतं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ असं सगळं पोटभर खाऊन घ्यायचं आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद. वांग्याची सुटका थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं पानात यायचं. यामागचं कारण धर्मशास्त्र सांगो की वैद्यक, परिणाम एकच होता: वांग्यासारखी साधी भाजीसुद्धा वाट पाहण्याजोगी व्हायची. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसात हातानं पिकवलेल्याची भाजी: अळू, पडवळ, दोडका, लाल भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, माठाचे देठ. पौषात भोगीला पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं आणि तीळ, सोबत बाजरीची भाकरी. या दोन भाज्यांची अदलाबदल करून पाहा, जमणार नाही. भोगीच्या भाजीतला पावटा ऋषिपंचमीला कुंपणावर नुसता पाला असतो. या पाककृती म्हणजे त्या त्या महिन्यातल्या परसाचा पंचनामाच आहे. आज दोन्ही भाज्यांचे चिरलेले मिश्र वाटे प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतात, आणि त्या खाताना आपल्याला महिना कोणता चाललाय हे कॅलेंडर बघून आठवावं लागतं.

नसण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि बाग करणाऱ्यांना तो हळूहळू उमगतो. घेण्यासारखं काही नसतं तेव्हाच माणूस नीट बघायला लागतो. शेंगा लागल्या की आपली नजर शेंगा शोधते. त्याआधीच्या रिकाम्या महिन्यांत ती वेल बघते.

दोडक्याचा वेल मांडवावर चढला की सुरुवातीला बरेच दिवस फुलं येतात आणि गळून पडतात. ती सगळी नर फुलं. काही दिवसांनी एखादं फूल असं येतं की पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा, शिरा काढलेला दोडका आधीच तयार असतो. ते मादी फूल. परागकण पोचले तर तो दोडका धरतो. नाही पोचले तर दोन-तीन दिवसांत पिवळा पडून गळतो. आणि पोचायला वेळ ठरलेली आहे. दोडक्याचं पिवळं फूल ऊन कलल्यावर उघडतं. दुधीचं पांढरं फूल त्याहून उशिरा, दिवेलागणीला, कारण त्याचा पाहुणा निशाचर पतंग. लाल भोपळ्याचं मोठं फूल पहाटे उमलतं, मधमाश्यांची ये-जा होते आणि ऊन तापेपर्यंत ते मिटूनही जातं. एकाच मांडवावरच्या तीन वेलींनी दिवस असा वाटून घेतला आहे. संध्याकाळी दोडक्याच्या मांडवाखाली स्वस्थ बसलं, तर घट्ट गुंडाळलेली कळी सैल होताना, एक पाकळी दुसरीपासून सुटताना खरोखर दिसते. वाढ डोळ्यांना दिसत नाही असं आपण म्हणतो, ते या अर्ध्या तासापुरतं खरं नसतं.

वेलाचे ताणेही असेच बघण्यासारखे. कारल्याचा किंवा भोपळ्याचा कोवळा ताणा हवेत चाचपडत फिरतो, काठी लागली की तिला वेढा घालतो आणि मग स्वतःच्या उरलेल्या लांबीची स्प्रिंग करून वेलाला काठीकडे ओढून घेतो. ही स्प्रिंग जवळून पाहा. अर्धी एका दिशेला वळलेली असते, मधे एक छोटा सरळ तुकडा, आणि उरलेली अर्धी उलट दिशेला. दोन्ही टोकं पक्की झाल्यावर एकाच दिशेनं वळत राहिलं तर ताण्याला पीळ बसेल. उलट वळणं घेतल्यानं तो हिशेब फिटतो. चार्ल्स डार्विननं वेलींवरचा आपला दीर्घ निबंध 1865 साली प्रसिद्ध केला, त्यात याचं बारकाईनं वर्णन आहे. त्याच निबंधात तो आणखी एक गोष्ट सांगून जातो: आजारपणानं एका खोलीत अडकून पडलेला असताना त्यानं कुंडीतल्या एका वेलाचं शेंड्याचं फिरणं रात्रंदिवस टिपून ठेवलं. बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून निरीक्षण झालं.

इथवर वाचून एखादा शेतकरी हसेल, आणि त्याचं हसणं रास्त ठरेल. घरच्या बागेनं दिलेला नकार आपल्याला परवडतो. पावटा नाही धरला तर मंडई आहे. मावा पडला तर ‘ढालकिडे येऊन खातील’ म्हणत आपण चार दिवस थांबू शकतो, आणि पुष्कळदा ते येतातही. ज्याचं वर्षाचं पोट एका पिकावर आहे त्याला असं थांबता येत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांतली रोपं झोडपली गेली तशीच काढणीला आलेली रब्बीची पिकं आणि फळबागाही झोडपल्या गेल्या. दोन्हीकडे ऋतूनं ‘नाही’ म्हटलं; एकीकडे हळहळ उरली, दुसरीकडे कर्ज. निसर्गाच्या लयीबद्दल आपण गोड गोड बोलतो ते या फरकाच्या आधारावर, हे विसरून चालणार नाही.

उलट माझ्या मते घरच्या बागेचा खरा उपयोग हा फरक कळण्यातच आहे. ज्यानं एका कुंडीत कोथिंबीर पेरली आहे, त्याला माहीत असतं की जुडी हातात यायला महिना-सव्वा महिना जातो, उन्हाळ्यात ती लवकर फुलोऱ्यावर जाते आणि पावसाळ्यात दोन दिवसांची झड लागली की मुळाशी सडते. पावसाळ्यात जुडीचा भाव चढला की ‘लूट चाललीय’ असं त्याच्या तोंडून सहज निघत नाही. आणि भाव कोसळून शेतकऱ्यानं माल रस्त्यावर टाकल्याची बातमी वाचताना त्या ढिगात किती दिवस पडले आहेत, हे त्याला दिसतं. बाजारानं आपल्यापासून लपवलेला काळ बाग पुन्हा मोजायला लावते.

तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच. घरची भाजी खाऊन बचत होईल, या हिशेबानं बाग करू नका. कुंडी, माती, खताचा खर्च मांडला तर हिशेब बहुधा तोट्याचाच निघेल. या वर्षी मृगाचा पाऊस झाला की पावट्याचं चार दाणे बी टोचा. बुटक्या, दिवसमानाला न जुमानणाऱ्या नव्या जातीचं नको, गावाकडच्या कुणाकडून मागून आणलेलं जुनं, वेलाचं. दिवाळीपर्यंत त्याच्याकडे काही मागू नका. आणि तोवर मंडईत पावट्याच्या शेंगा दिसल्या, तरी विकत घेऊ नका.