आधी गोळ्यांची नावं विचार

चि. बंड्या,


ठाण्यातल्या जिममध्ये तुला पर्सनल ट्रेनिंगचा पहिला क्लायंट मिळाला हे वाचून बरं वाटलं. त्याच्यासाठी केलेला तक्ता तू हौसेने पाठवलास आणि ‘आत्या, फिजिओच्या नजरेने बघ’ म्हणालास. बघितला. तक्ता झकास आहे, फक्त तो तुझ्यासाठी आहे. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी उपाशीपोटी ट्रेडमिलवर धावणं, मग खांद्यावर बारबेल घेऊन स्क्वॉट, जेवायला उकडलेलं चिकन आणि ब्रोकोली. ते गृहस्थ ५२ वर्षांचे, बँकेत खुर्चीवर बसणारे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले. हे तूच तक्त्याच्या डोक्यावर लिहिलंयस, आणि खाली त्याचा कुठे मागमूस नाही.

तर पहिल्या दिवशी त्यांना गोळ्यांची पाकिटं घेऊनच बोलाव. ‘बीपीची एक, शुगरच्या दोन’ एवढ्यावर भागत नाही, नावं हवीत. शुगरला नुसतं मेटफॉर्मिन असेल तर व्यायामाने साखर एकदम उतरण्याची भीती फारशी नसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यात व्यायाम करताना स्नायू रक्तातली साखर ओढत असतात. अशा माणसाला तू रिकाम्या पोटी पळवलंस तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांचंही तेच. आणि बीपीची गोळी जर मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल निघाली, तर ती हृदयाचे ठोके आवरून धरते. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, ती खूणच या गोळीने झाकली जाते. घाम तेवढा उरतो, आणि जिममध्ये घामाकडे कोण बघतं?

म्हणून बोलणं अडखळलं, विचारलं एक आणि उत्तर आलं भलतंच, की तिथेच थांबव. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दे, १५ मिनिटांनी साखर मोजायला लाव. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. ग्लुकोजचा डबा तुझ्या बॅगेत कायम हवा, प्रोटीनच्या शेकरच्याही आधी. गोळी कमी करा, बंद करा, असं मात्र चुकूनही बोलू नकोस. ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्या डॉक्टरांची व्यायामाला हरकत नाही अशी चिठ्ठी आल्याशिवाय तू सुरुवातही करायची नाहीस.

नाडीचा हिशोबही यातच निकालात निघतो. २२० वजा वय, म्हणजे १६८, त्याचे सत्तर टक्के ११८, हे तू दोन वेळा अधोरेखित केलंयस. ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर नाडी तिथे पोचायच्या आत माणूस दमलेला असेल, आणि तू मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ‘अजून थोडं’ म्हणत राहशील. त्यापेक्षा त्यांच्याशी गप्पा मार. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर. बारबेल सध्या राहू दे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हीच त्यांची बैठक. जोर लावताना श्वास कोंडू देऊ नकोस, रक्तदाब तेव्हाच उसळतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी झाली तेही विचार. तिथे मधुमेहाने बिघाड केला असेल तर जड वजनं उचलणं डोळ्यांना महागात पडतं.

तू लिहितोस की वजनाने ते ‘फारसे जाड नाहीत’. इथे तुला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगायलाच हवी. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२! वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा आहे. तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप काढ. आपल्या पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या, बायकांची ८० च्या वर गेली की ते सावध व्हायचं लक्षण. दर महिन्याला टेप लाव. वजन हललं नाही आणि पट्टा एक भोक आत गेला, तर त्या माणसाला तोंड भरून शाबासकी दे.

ब्रोकोली खोड. त्यांच्या घरी कोण स्वयंपाक करतं, डबा किती वाजता उघडतो, एकादशीला किती साबुदाणा होतो, हे विचारलंस का? प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलं. सत्तर किलोच्या माणसाला साधारण ५८ ग्रॅम. मटकीची उसळ, पिठलं, दही, अंडी यांतून तेवढं निघतं, फक्त भाताचा डोंगर उतरवून उसळीची वाटी मोठी करायला हवी. पावडर खपवायचं टार्गेट तुला मिळणार हे मी धरूनच चालते. मधुमेही माणसाच्या किडनीचे रिपोर्ट डॉक्टरांनी बघितल्याशिवाय डबा त्याच्या हातात ठेवायचा नाही. मॅनेजर रागावला तर रागावू दे.

सहा दिवसांचे तीन कर. जिममध्ये नसतील त्या दिवशी जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला सांग, खालच्या रस्त्यावरच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तिथवर पोचायला त्यांना दोन महिने लागले तरी चालतील. पहिल्या आठवड्यात अंग इतकं दुखलं की बँकेचा जिना उतरता येईना, तर तुझा क्लायंट दुसऱ्या आठवड्यात दिसणार नाही.

नवा तक्ता कर आणि पाठव. त्यात त्यांचे बूट कसे आहेत तेही लिही. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते, बूट चावून फोड आला तरी कळत नाही, म्हणून व्यायाम संपला की मोजे काढून तळवे बघायची सवय त्यांना लाव. सुरुवातीला लाजतील. तू खाली बस आणि स्वतः बघ.

तुझी,
आत्या