वाट कोणी कोणाला द्यावी?

आपली गाडी वेगाने एखादे लहान स्टेशन ओलांडते, तेव्हा बाजूच्या रुळावर, ज्याला लूप लाइन म्हणतात, एक लांबलचक मालगाडी उभी दिसते. ती तेथे उगीच उभी नसते. आपल्याला वाट मिळावी म्हणून कंट्रोल ऑफिसने तिला बाजूला घेतलेले असते. तिचा चालक सिग्नलकडे डोळे लावून बसलेला असतो. कधी तासभर, कधी त्याहून अधिक. आपल्या वेगाची किंमत अशी दुसराच कोणी भरीत असतो.

मग प्रश्न असा की, कोणी कोणाला वाट द्यावी, आणि कशावरून?

रेल्वेचा एक क्रम ठरलेला आहे. सर्वसाधारणपणे मेल-एक्सप्रेसला आधी, साध्या पॅसेंजरला नंतर आणि मालगाडीला शेवटी वाट मिळते. परंतु अपघाताच्या जागी निघालेली मदतगाडी या सर्वांच्या वर आहे. तिच्यासाठी मोठ्या मानाच्या गाड्याही थांबतात. म्हणजे अगदी वरच्या पायरीवर मान चालत नाही, गरज चालते.

पण गरज तोलणे सोपे आहे काय? २०२० सालची टाळेबंदी आठवा. १ मे २०२० रोजी हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून सुमारे १२०० मजुरांना घेऊन पहिली श्रमिक स्पेशल झारखंडातील हटियाला निघाली. ऑगस्टअखेरपर्यंत अशा ४६२१ गाड्यांतून ६३ लाखांहून अधिक माणसे गावी पोहोचली. त्याच काळात मालगाड्याही धावत होत्या, कारण देशभरच्या रेशन दुकानांना धान्य हवे होते. उत्तर प्रदेश व बिहारकडे जाणारे मार्ग तुंबले. २१ मे रोजी वसईहून गोरखपूरला निघालेली गाडी वळवावी लागली व ती ओडिशातील राउरकेल्यावरून गेली. कित्येक गाड्या ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास खोळंबल्या आणि आतल्या लोकांना पुरेसे अन्नपाणी मिळाले नाही. 'स्पेशल' हे नाव होते, पण वाट मोकळी नव्हती.

यावर कोणी म्हणेल, माणूस आधी, माल नंतर. यात विचार तो कसला? उत्तर इतके सरळ नाही. मालाच्या डब्यातही माणूस असतो. तो दिसत नाही एवढेच. पोत्यातील गहू कोणाच्या तरी ताटात जायचा असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात उलट घडले. वीजकेंद्रांना कोळसा कमी पडू लागला, म्हणून कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. ज्यांची गाडी गेली त्यांनी गैरसोय सोसली. ज्यांच्या घरी व दवाखान्यात दिवा राहिला त्यांना ते कळलेही नाही.

आपल्या हातात सिग्नल नाही हे खरे. म्हणून दुसऱ्याच्या खोळंब्याचा दोषही आपल्या माथी येत नाही. पण दोष नाही म्हणजे ऋणही नाही, असे मात्र नव्हे. आपल्याला मिळालेली वाट हा आपला मान नसून कोणीतरी थांबल्याचे फळ आहे, हे ज्याला उमगले, तो स्वतः थांबण्याच्या वेळी कुरकुर करीत नाही. तसेच, थांबणाऱ्यालाही तहान आहे, त्याचीही कोणी वाट पाहत आहे, याचा तो विचार करतो. नेहमी एकाच दुबळ्याला बाजूला उभे करणे ही व्यवस्था नव्हे, तो अन्याय होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारून पाहावे: आज तुम्ही लवकर पोहोचलात, ते कोण थांबले म्हणून? घरातली आई, रांगेतला म्हातारा, वर्गातला मागे राहिलेला सोबती, अशी उत्तरे येतील. मग दुसरा प्रश्न विचारावा: उद्या त्यांच्यासाठी तुमच्यापैकी कोण थांबेल?