तुकडे केलेल्या प्राण्याचा जीव कोठें असतो?

उथळ तळ्यांतील पाणवनस्पतींचा एखादा झुबका कांचेच्या भांड्यांत स्वच्छ पाण्यांत घालून तें भांडें कांहीं वेळ न हलवितां उजेडांत ठेविलें, तर पानांच्या खालच्या अंगास दोऱ्याच्या तुकड्यासारखें कांहीं लोंबतांना दिसण्याचा संभव असतो. लांबी बहुधा बोटाच्या पेराहूनही कमी. एक टोंक पानास चिकटलेलें, दुसऱ्या टोंकास मुख व त्याभोंवतीं बारीक भुजा. भांड्यास धक्का लागतांच हा दोरा आंखडून मोहरीएवढा होतो. ह्यास हायड्रा म्हणतात. आपल्याकडील तळ्यांतही तो आढळतो, व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत त्याचा अभ्यास झालेला आहे. भुजांवरील सूक्ष्म विषारी कांट्यांनीं पाणपिसवा लुळ्या करून तो गिळतो.

ह्या क्षुद्र प्राण्यानें एके काळीं युरोपांतील विद्वानांस मोठ्या पेंचांत टाकिलें. लेवेनहूक ह्या डच निरीक्षकाचें त्याविषयींचें वर्णन १७०३ सालीं प्रसिद्ध झालें होतें. पण खरा गलबला पुढें झाला. जिनीव्हाचे अब्राहाम ट्रेंब्ले हे हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचे शिक्षक होते. १७४० सालीं त्यांस पाणवनस्पतींबरोबर आणलेल्या पाण्यांत हिरवा हायड्रा सांपडला. रंग वनस्पतीचा, हालचाल प्राण्याची! उंसाचें कांडें तोडून लाविलें म्हणजे वाढतें. बोकडाचें तसें होत नाहीं. ह्याच न्यायानें त्यांनीं त्याचे दोन तुकडे केले. थोड्याच दिवसांत दोन्ही तुकडे पूर्ण झाले. आणि तरीही ते चालत, शिकार धरीत व खात. म्हणजे हा निःसंशय प्राणीच.

मग प्रश्न उभा राहिला. प्राण्याचा आत्मा अखंड व अविभाज्य आहे असें पुष्कळ विद्वान मानीत. तर मग सुरीनें तोही कापला गेला काय? दहा तुकड्यांचे दहा जीव कोठून आले? फ्रान्समधील ला मेत्री ह्यांनीं १७४७ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या प्राण्याचा दाखला देऊन, देहरूपी यंत्र तेवढें खरें, असें प्रतिपादिलें. दुसरा पक्ष घाबरला. माझ्या मतें दोघांचीही घाई झाली. दोघेही जीव म्हणजे मापट्यांतील धान्य समजत. एक म्हणे मापट्यांत धान्य नाहींच, दुसऱ्यास तें सांडण्याची भीति. एका दिव्यावरून दुसरा लाविला असतां पहिल्याची ज्योत अर्धी होते काय? अर्थात् दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे, हेंही येथेंच सांगितलेलें बरें.

वाचकहो, मला त्या वादाहून ट्रेंब्ले ह्यांचें वर्तन अधिक मननीय वाटतें. ते कोणत्याच पक्षाचे वकील झाले नाहींत. १७४१ सालीं त्यांनीं पॅरिस येथील रेओम्यूर ह्यांजकडे हे प्राणी पाठविले. पहिल्या खेपेचे वाटेंतच मेले, तेव्हां पुन्हां पाठविले. इतरांसही दिले, कसें पाळावें व कसें कापावें तें लिहून कळविलें, आणि १७४४ सालीं ग्रंथ छापिला. पाहिलेली गोष्ट व तीवरून जोडलेली गोष्ट ह्यांची त्यांनीं गल्लत केली नाहीं. हें केवळ पंडितांचें काम आहे असें कोणी म्हणूं नये. गांवांत दोन गुरें मेलीं, हें पाहिलेलें. अमक्या विधवेनें करणी केली, हें जोडलेलें. आणि त्या जोडलेल्या गोष्टीपायीं त्या बाईस विहिरीवर कोणी येऊं देत नाहीं! अशा वेळीं "तूं स्वतः काय पाहिलेंस?" एवढेंच विचारण्यास माणूस धजत नाहीं, कारण विचारणाराही संशयांत सांपडतो.

हायड्राविषयीं पुढें जें कळलें त्यानें पेंच आणखीच वाढला. त्याच्या अंगाच्या मध्यभागीं नव्या पेशी सतत उत्पन्न होतात, दोन्ही टोंकांकडे सरकत जातात व तेथें गळून पडतात. म्हणून न कापलेल्या हायड्राचें शरीरही कांहीं आठवड्यांनीं जवळजवळ नवेंच असतें. १९७२ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं तर त्याच्या पेशी सुट्या करून पुन्हां एकत्र दाबल्या असतां त्या गोळ्यांतून हायड्रा तयार झाल्याचें दाखविलें. ट्रेंब्ले ह्यांच्या दोन तुकड्यांपैकीं मूळचा कोणता? डोक्याकडचा म्हणावा, तर त्यास नवा पाय फुटला. पायाकडचा म्हणावा, तर त्यास नवें डोकें आलें. आणि हा निकाल आपण लावीपर्यंत दोघेही आपापल्या पाणपिसवा धरूं लागलेले असतात.