ठणठणीत माणसाची गोळी

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. वांगणीजवळ अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. हेंद्रेपाड्यातल्या भुसारवाल्याच्या दुकानात गुडघाभर पाणी होतं, ते बघायला कोण येणार?

पाणी ओसरताच शेठ आणि दुकानातला पोऱ्या अनवाणीच भिजली पोती उपसू लागले. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका आली. पिशवीतून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काढल्या.

“ताई, मी ठणठणीत आहे. ताप आला तर बघू.”

“काका, पुराच्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळतं. तुमच्याकडे तर धान्य, म्हणजे उंदीर आलेच. पायाला नुसता ओरखडा असला तरी लेप्टोचे जंतू आत जातात. ताप यायला आठवडा-दोन आठवडेही लागतात. मग मूत्रपिंड, यकृत, कधी मेंदूचं आवरणसुद्धा सुजतं.”

“पण आज काहीच नाही ना? चांगल्या माणसाला औषध कशाला?”

तिने फळीवरच्या तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवलं. “याला बोरिक पावडर लावलीत, ती कीड दिसल्यावर?”

“छे! दिसल्यावर लावून काय उपयोग?” शेठ बोलून गेले आणि गप्प झाले. मग त्यांनी हात पुढे केला.

“जेवून घ्या. दुधाबरोबर नको, भांडंभर पाण्याबरोबर. लगेच आडवं व्हायचं नाही. सून गरोदर आहे ना? तिला आणि सहा वर्षांच्या नातवाला ही चालत नाही. ते पाण्यात उतरले असतील तर डॉक्टर दुसरं औषध देतील.”

“चला, घरातल्यांचं झालं,” शेठ म्हणाले.

इथेच पुष्कळ जण थांबतात. २०१७ साली नायजर देशात मेंदूज्वराच्या साथीत काही गावांत फक्त रुग्णाच्या घरच्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनचा एक डोस दिला; फरक पडला नाही. जिथे गावभर वाटला, तिथे रोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लेप्टो असा माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही, हे खरं. पण पुराचं पाणी तरी उंबरठा बघून कुठे थांबतं?

“आणि पोती कोणी उचलली?” सेविकेने विचारलं.

पोऱ्या शेजारच्या गल्लीत दुसऱ्याचा गाळ उपसायला गेला होता. शेठने शटर अर्धं ओढलं, गोळ्यांची पुडी आणि पोळी-भाजीचा डबा घेतला, आणि चिखल तुडवत त्याला शोधायला निघाले. या खेपेला पायात गमबूट होते.