बिलातली पहिली ओळ

छावणीजवळच्या लोखंडी पुलाशी, खाम नदीच्या काठावर, मामा रोज संध्याकाळी फिरायला येतात. बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी पूल, मोऱ्या आणि डायव्हर्जन यांत गेली. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या दिवशी माझ्या पिशवीत एका रुंदीकरणाचा नकाशा होता. शहराबाहेरचा रस्ता, त्याला आडवा जाणारा एक ओढा, आणि काम संपल्यावर काठावर कोणती देशी झाडं लावावीत याची यादी माझ्याकडे मागितलेली.

"काय लिहायलीस?" मामांनी विचारलं.

"करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. पाण्याशी निरगुडी आणि वाळा. शिंदी मिळाली तर शिंदी."

"चांगलंय की. मग अडलं कुठं?"

"हे सगळं तिथं आत्ता उभं आहे, मामा. साठ मीटरचा पट्टा. ते उपटायचं आणि नंतर तेच लावायचं. कशासाठी? पूल होईपर्यंत दोन वर्षं वाहनं वळवायला."

मामा बाकावर टेकले. "पलीकडच्या काठानं का नेत नाहीत?"

"तिकडं एका आजींची विहीर आहे. आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे."

"मग झालं की! झुडपांसाठी म्हातारीची विहीर बुजवायची का?"

हा प्रश्न मी टाळत होते, म्हणूनच तर मामांकडे आले होते. मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, झाडांची मोजणी झाली तेव्हा मी तिथं होते. बुंध्याचा घेर मोजतात. करंज मोजले, उंबर मोजला. निरगुडीला धड बुंधा नाही, वाळ्याला तर घेरच नाही. कागदावर त्या पट्ट्यात अकरा झाडं आहेत. काठ धरून ठेवलाय तो न मोजलेल्यांनी. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, पुरुषभर, कधी दोन पुरुष. पुरात तो आडवा होतो, पाणी ओसरलं की उठतो.

"आकड्यांना नावं ठेवू नकोस," मामा म्हणाले. "आकडा नव्हता तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. शून्य लावायचे. आता 2015 चं हरित महामार्ग धोरण आहे, खर्चातला एक टक्का झाडांना. शहरांपुरता 2021 मध्ये कायदा बदलला, जितक्या वर्षांचं झाड तोडाल तितकी रोपं लावा. ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपं. हे काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण ऐंशी रोपं आणि ऐंशी वर्षं यांची अदलाबदल होते हे कुणी ठरवलं? मी यादीसाठी व्ही. एन. नाईक आणि सहकाऱ्यांचे मराठवाड्याच्या वनस्पतींवरचे 1998 चे दोन खंड उघडून बसले होते. त्यांत नावं मिळतात. शेजार मिळत नाही. उंबराच्या सावलीत काय उगवतं, करंजाच्या मुळाशी कोणता ओलावा टिकतो, हे मी निविदेत कोणत्या रकान्यात लिहू?"

मामांनी समोर बोट केलं. "आणि हे काय आहे मग? हा काठ गटार होता. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून साफ केला, झाडं लावली. धरलाच की काठानं जीव."

खरं होतं. मीही इथं विद्यार्थ्यांना घेऊन येते. पण म्हटलं, "इथं काही उरलं नव्हतं म्हणून लावलं. तिथं लावता येतं म्हणून उपटायचं चाललंय. गावात हाडवैद्य चांगला आहे म्हणून कुणी पाय मोडून घेतो का?"

मामा हसले, मग गप्प झाले. मग आपणहून म्हणाले, "एका पुलाच्या भरावावर मी सुबाभूळ लावली होती. पावसाळा तोंडावर, भराव ओला, घसरला असता तर पूल गेला असता. सुबाभूळ सहा महिन्यांत डोक्याच्या वर गेली. साहेब खूश. परवा तिथून आलो. पूल ठणठणीत आहे. ओढा मात्र लांबवर नुसता सुबाभळीचा, खाली गवताची काडी नाही. आता सांग, चुकलो का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्या पुलावरून पोरं शाळेत जातात.

"आणि देशी देशी काय करतेस," त्यांनी पुढं रेटलं. "चिंच आफ्रिकेतली. तिला हाकलणार का?"

"चिंचेनं शेजाऱ्यांना हाकललं नाही. सुबाभळीनं हाकललं."

"मग तीही काढायची? आज भराव तिच्याच मुळांवर उभा आहे."

"एकदम नाही. थोडी काढायची, तिथं निरगुडीच्या काड्या रोवायच्या, त्यांनी काठ धरला की आणखी थोडी. दहा वर्षांचं काम."

"दहा वर्षांचं काम कुणी देत नाही. ठेकेदाराची जबाबदारी त्याआधी संपते." ते थांबले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुला एक सांगू? रस्तेबांधणीचं केंद्राचं जाड पुस्तक आहे ना, त्यात मातीकामाच्याही आधी 201 क्रमांकाचं कलम येतं. क्लिअरिंग अँड ग्रबिंग. जागा साफ करा, मुळं खणून काढा. हेक्टरवर पैसे. बिलातली पहिली ओळ तीच असायची. लागवड शेवटच्या पानावर. पहिल्या ओळीचे पैसे पहिल्याच महिन्यात मिळतात. वरची माती जपून ठेवा असंही त्याच पुस्तकात लिहिलंय, पण तो ढीग मी फार थोड्या साइटवर बघितला."

मला वाटतं, आमचा खरा प्रश्न इथं हाती लागला. आम्ही झाड हवं की रस्ता यावर भांडत होतो, आणि मधे मुळं खणण्याचे पैसे बसले होते. निरगुडी जमिनीलगत कापली तर पहिल्या पावसात फुटते. करंजही फुटतो. खणून काढलेलं मूळ फुटत नाही.

"म्हणजे तोडा, पण उपटू नका," मामा म्हणाले. "डायव्हर्जन एकेरी ठेवा. साठ मीटर कशाला, पंधरात बसतं. ह्यूम पाईप टाकून पाणी वाहतं ठेवा."

"मुरूम दाबल्यावर काही मुळं मरतीलच."

"मरतील. ती कुणाच्या नावावर मांडायची ते तू ठरव." मग एकदम, "त्या म्हातारीला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तासभर आम्ही दोघं तिच्या विहिरीवरून वाद घालत होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. आजी वाफ्यात पाणी सोडत होत्या. मामांनी नकाशा उलगडून समजावला. त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. "विहीर देणार न्हाई," त्या म्हणाल्या. आम्ही मान हलवली. "आन् त्या शिंदीलाबी हात लावायचा न्हाई. तिच्याच पानाचे फडे बांधते मी. बाजारला इकते."

मामांनी नकाशाची घडी घातली.

यादी मी अजून दिलेली नाही. त्याऐवजी एका ओळीचं पत्र दिलं: ओढ्याच्या दोन्ही काठांना ग्रबिंग करू नये, डायव्हर्जन एकेरी ठेवावं, शिंदी वगळून आखावं. मसुदा मामांनी तपासला. उत्तर आलेलं नाही. मृग आठ दिवसांवर आहे आणि पोकलेन ओढ्याच्या अलीकडे उभं आहे.