मात्रा आणि माया

करुणेला गणिताची गरज असते काय? तापाने फणफणलेल्या 10 किलो वजनाच्या बालकास, किलोमागे 15 मिलिग्रॅम या प्रमाणाने, एका वेळी 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयाचे असते. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचे ते 6 मिलिलिटर होतात. 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे अवघे दीड. थेंबांची बाटली हाती आली आणि माप 6 चेच राहिले, तर मात्रा चौपट होते. बालकास तक्रार करता येत नाही आणि आई विश्वासून असते. म्हणून बाटलीवरील प्रमाण पुन्हा वाचणे, हिशेब सहकारी परिचारिकेकडून पडताळून घेणे, हे केवळ तांत्रिक काम मानता येत नाही. स्वतःच्या उत्तराविषयी शंका घेणे हा येथे सद्गुण ठरतो. परिचारिकेचा प्रेमळ स्पर्श मूल ओळखते. तिची ही शंका त्याला कधीच कळत नाही. तरीही करुणेचा मोठा वाटा त्या शंकेतच असतो, असे आम्हांस वाटते.