प्रिय असत्याचे थेंब

वृद्ध माणसाचे समाधान टिकावे म्हणून त्याची खोटी आशा तशीच राहू द्यावी काय? प्रश्न जुना आहे. आमच्या घरी तो एका बोटभर उंचीच्या बाटलीतून आला आणि त्याचे उत्तर देण्यात आम्ही चुकलो. या पत्रिकेच्या वाचकांपैकी बरेचजण आमच्या वयाचे वा आमच्याहून वडील आहेत, म्हणून ती चूक येथे मांडावीशी वाटते.

आमची वडील भगिनी, जिला सारे घर अक्का म्हणते, यजमानांच्या निधनानंतर इंदूरला आमच्याकडेच राहते. आम्हांला बोट धरून शाळेत नेणारी तीच. तिच्या वयाच्या 78व्या वर्षी नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचविली. डोळे कोरडे पडून चुरचुरत, तो त्रास वेगळाच. शस्त्रक्रियेचे नाव काढताच अक्काच्या तोंडचे पाणी पळे. हे कळल्यावर तिच्या अमेरिकेतील मुलाने काही बाटल्या पाठविल्या. अँटिऑक्सिडंट असलेले हे थेंब थकलेल्या डोळ्यांना टवटवी देतात आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेविना विरघळवितात, असे सोबतच्या पत्रकात छापले होते. अक्काने बाटली देवघरातील फळीवर ठेवली.

सरकारी नोकरीत कागद तपासण्याची सवय अंगी मुरलेली, त्यामुळे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचून काढले. थेंबांमागची कल्पना मुळीच वेडगळ नाही. नेत्रभिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वीच तयार झालेली असतात आणि ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. वयोमानाने, प्रकाशाने आणि ऑक्सिडीकरणाने ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि पारदर्शक भिंग गढूळ होते. त्याचे रक्षण करणारे ग्लुटाथिओन हे द्रव्यही वार्धक्यात घटते. तेव्हा संरक्षक द्रव्य बाहेरून घातले तर, असा विचार कोणाही बुद्धिमान माणसाला सुचेल. या थेंबांत एन-ॲसिटिलकार्नोसिन नावाचे द्रव्य त्यासाठीच घातलेले असते. परंतु सुचणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये याच द्रव्याविषयी आढावा प्रसिद्ध केला. या थेंबांनी मोतीबिंदू मागे हटतो किंवा त्याची वाढ थांबते, याचा खात्रीलायक पुरावा त्यात आढळला नाही.

अँटिऑक्सिडंट हा शब्दच फसवा आहे, असेही नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. क आणि ई ही जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन आणि जस्त पोटातून दिल्यास, दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा वार्धक्यजन्य विकार ज्यांना मध्यम अवस्थेत होता, त्यांच्यात तो बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. त्याच अभ्यासात मोतीबिंदूवर मात्र या जीवनसत्त्वांचा काहीच परिणाम दिसला नाही. एकाच कुळातील द्रव्ये एका विकारात उपयोगी आणि दुसऱ्यात निरुपयोगी ठरली. प्रामाणिक ज्ञान असे मर्यादेसह बोलते. जाहिरातीला मर्यादा परवडत नाही.

बाटलीवरील बारीक अक्षरे आम्ही भिंग घेऊन वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. त्या थेंबांत ग्लिसरीन आणि कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ही दोन स्निग्धता देणारी द्रव्येही होती. कोरड्या डोळ्यांसाठी आपल्याकडील औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या थेंबांत अशीच द्रव्ये असतात. त्यामुळे थेंब घालताच अक्काची चुरचुर खरोखरच थांबे. "बघ, गुण येतोय!" ती म्हणे. गुण येत होता, पण तो कोरडेपणाला. मोतीबिंदू जेथल्या तेथे होता. बाटलीतील खऱ्या अर्ध्या भागाने खोट्या अर्ध्या भागाची ग्वाही दिली आणि आमच्या अक्काने ती मानली.

आम्ही मात्र गप्प राहिलो. भाच्याने प्रेमाने पाठविलेली वस्तू. तिला निरुपयोगी कसे म्हणावे? म्हातारपणी माणसाजवळ आशेखेरीज उरते काय? थेंबांनी अपाय तर होत नाही ना? अशी कारणे आमच्याजवळ पुष्कळ होती, आणि त्यांतले एकही दुष्ट नव्हते.

सव्वा वर्ष असेच गेले. अक्काने पोथी वाचणे सोडले आणि "पाठ आहे मला" असे सांगू लागली. एका संध्याकाळी अंगणातील पायरी तिला दिसली नाही. ती पडली आणि उजवे मनगट मोडले. त्यानंतर मात्र शस्त्रक्रिया झाली. आधी एका डोळ्याची, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. प्रत्येक वेळी ती त्याच दिवशी घरी आली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने आपल्या पदराकडे पाहिले आणि म्हणाली, "ही साडी निळी आहे होय? मी राखाडी समजून नेसत होते." घर हसले. थोड्या वेळाने तिने आम्हांला जवळ बोलावून विचारले, "अरे, त्या थेंबांनी काही होणार नाही, हे तुला ठाऊक होतं का?" आम्ही होय म्हणालो. "मग मला का नाही सांगितलंस? मी काय लहान मूल होते?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सत्य बोलावे पण प्रिय बोलावे, अप्रिय सत्य टाळावे, या अर्थाचे संस्कृत वचन आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घराघरांत त्याचा आधार घेतला जातो आणि बहुधा तेथेच थांबले जाते. त्याच वचनात पुढे प्रिय असले तरी असत्य बोलू नये, अशीही आज्ञा आहे. पहिली अर्धी आज्ञा सोयीची, म्हणून ती आमच्या लक्षात राहिली. आम्ही असत्य बोललो नाही, असा बचाव करता येईल. पण सेवेत असताना आम्ही कनिष्ठांना नेहमी सांगत असू की फाईल दाबून ठेवणे हाही एक निर्णयच असतो. घरातील फाईल आम्ही सव्वा वर्ष दाबून ठेवली.

1954 सालच्या औषधे व जादूचे उपाय विषयक कायद्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवरील उपचाराच्या जाहिरातींना मनाई आहे, त्यांत मोतीबिंदूचे नाव आहे. खोटी आशा विकण्याला कायद्याने अपराध मानले, ते उगाच नव्हे. परंतु बाटली आप्ताच्या हातून, टपालाने आणि मायेत गुंडाळून आली, तर तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरातल्या जाणत्या माणसानेच बोलावे लागते.

म्हणून प्रत्येक वृद्धाच्या प्रत्येक आशेवर पाणी ओतावे, असे आमचे म्हणणे नाही. जी आशा केवळ चार पैसे खाते आणि मनाला धीर देते, तिच्याशी भांडण नको. पण जी आशा खऱ्या उपायाची जागा अडवून बसते, ती निरुपद्रवी नसते. थेंबांनी अक्काच्या डोळ्यांना अपाय केला नाही. त्यांनी तिचे सव्वा वर्ष घेतले. 78व्या वर्षी सव्वा वर्ष ही थोडी रक्कम नव्हे. आणि ते कशावर खर्चावे, हे ठरविण्याचा हक्क तिचा होता. सारे ऐकूनही ती थेंबच घालत राहिली असती, तर तो तिचा निर्णय झाला असता. आम्ही करुणेच्या नावाखाली तो हक्कच काढून घेतला.

अक्काच्या डोळ्यांचा कोरडेपणा अद्याप आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस तो वाढलाही होता. आता ती डॉक्टरांनी लिहून दिलेले साधे थेंब घालते. ती बाटली देवघरात नाही, चष्म्याशेजारी असते. मध्यंतरी मुलाने फोनवर विचारले, आणखी बाटल्या पाठवू का? आम्ही ऐकत होतो. अक्का म्हणाली, "नको रे बाळा. त्याने चुरचुर थांबते तेवढीच, आणि ती इथल्या थेंबांनीही थांबते. तू ये, म्हणजे तुला नीट बघता येईल."